दुर्मीळ विभागाचं दार

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला बरीच वर्षं होऊन गेली होती. तरी औरंगाबादेतली जुनी माणसं काळ सांगताना "ॲक्शनच्या आधी" आणि "ॲक्शननंतर" असंच म्हणत. मी कन्नड तालुक्यातली. वडील शेती करायचे, आणि आमच्या घरात नोकरीला लागलेली मी पहिली बाई. ग्रंथालयाचं शिक्षण झालं आणि सहा महिन्यांत मला हस्तलिखितं आणि दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात बसवलं. तिथं जायला कुणी राजी नसे. धूळ भयंकर, डांबरगोळ्यांचा वास डोक्यात चढायचा, आणि वर जबाबदारी.

ती जबाबदारी मला पहिल्या दिवसापासून खात होती. ताबा घेताना मी यादीच्या प्रत्येक पानावर सही केली. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या, फारसी हस्तलिखितं, निजामाच्या काळातले उर्दू सरकारी छापील ग्रंथ, हातानं रंगवलेले नकाशे आणि मोडी कागदांचे रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. ग्रंथपाल साहेब हसत म्हणाले, "बाकीच्या विभागात पुस्तक हरवलं तर दुसरं आणता येतं. तुमच्याकडचं हरवलं तर संपलंच." त्यांनी गंमत केली असेल. मी मात्र रोज संध्याकाळी कुलूप लावून खाली उतरायची आणि अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची.

विभागात आम्ही तिघं. मी, मुन्शीजी आणि मामा.

मुन्शीजी म्हातारे होते. निजामाच्या राजवटीत तालुका कचेरीत कारकून, मग नव्या राज्यातही कारकून, आणि आता निवृत्तीनंतर मानधनावर आमच्याकडे. फारसी, उर्दू आणि मोडी तिन्ही वाचणारं माणूस आम्हांला दुसरं मिळत नव्हतं. मराठी ते आमच्यासारखीच बोलत, मधूनच एखादा दखनी शब्द. मला "बेटा" म्हणत आणि अहोजाहो करत. त्यांची एकच गोष्ट मला खटकायची. त्यांनी आपलं टेबल दाराला अगदी लागून घेतलं होतं, आणि ते दार कधी बंद होऊ देत नसत. जुन्या वर्तमानपत्रांचा बांधीव खंड दाराला लावून ठेवत. त्यामुळं सगळ्या व्हरांड्याची धूळ आत. मी दोनतीनदा दार लोटून घेतलं, तर ते उठले आणि खंड परत लावून बसले.

मामा आमचे शिपाई. पडेगावहून सायकलनं यायचे. वयानं वडलांएवढे, म्हणून सगळा स्टाफ त्यांना मामाच म्हणे.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला. मागं कडुनिंबाची झाडं आणि त्यापलीकडं लेण्यांचा डोंगर. त्या डोंगरातून दरवर्षी दिवाळीनंतर आग्या मोहोळ येऊन आमच्या खिडकीच्या वर, दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली लागायचं. फाल्गुनात पळस फुलला की ते गाडीच्या चाकाएवढं होई. काळं, लोंबतं, आणि मधूनच त्याच्यावरून एक लहर जायची, जनावराच्या कातडीवरून जाते तशी. त्या माश्यांची मला नीट ओळख होती. कन्नडच्या घाटाखाली आमचं रान आहे. एकदा बांधाला कुणी गवत पेटवलं, धूर मोहोळाला लागला, आणि झाडाला बांधलेला आमच्या चुलत्यांचा बैल माश्यांनी मारला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. घरातून दिसत होतं, आणि कुणी त्याचं दावं सोडायला जाऊ शकलं नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता यायचं नाही.

त्या दिवशी सकाळी एका जुन्या घराण्याकडून दान आलेली लाकडी पेटी आम्ही उघडली. वर मोडी कागद, खाली उर्दू दस्तऐवज, आणि तळाशी वाळवीचं मातीचं घर. वाळवी एकदा कपाटात शिरली की महिन्याभरात काय करते ते मला शिकवलं होतं. मुन्शीजी आणि मी एकेक कागद ब्रशनं झाडून बाजूला काढला. उरली पेटी, कुजलेली फडकी आणि ओलसर भुसा. त्यात वाळवी वळवळत होती.

साहेब रजेवर होते. विचारायला कुणी नव्हतं.

"मामा, हे सगळं खाली नेऊन जाळून टाका," मी म्हणाले. "आत्ताच."

मामांनी पेटीकडं बघितलं. "बाई, मागं मव्हळ हाय. धूर वर जाईल."

"मग पुढं जाळा."

"पुढं पोरं बसत्यात. सांजच्याला जाळू. अंधार पडला की माश्या हलत नाय. मी थांबतो की."

"संध्याकाळपर्यंत ही वाळवी भिंतीत जाईल. लांब न्या, झाडांच्या पलीकडं. पण आत्ता जाळा."

"बाई, ऐका जरा. वारं..."

"मामा, मी सांगते तेवढं करा."

माझा आवाज चढला. मला वाटलं, मी गावाकडची, नवी, वयानं लहान, म्हणून हे मला जुमानत नाहीत. मामांनी पेटी खांद्यावर घेतली आणि मागच्या जिन्यानं खाली गेले.

थोड्या वेळानं धुराचा वास आला. जुन्या लाकडाचा वास, वाईट नव्हता. मी यादी करायला बसले होते. मग पानावरचा उजेड कमी झाला. ढग आला असेल म्हणून मी वर बघितलं, तर खिडकीच्या काचेपुढून काहीतरी काळं खाली सांडत होतं. त्याच्या मागोमाग आवाज आला. पिठाची गिरणी सुरू झाल्यावर जमिनीतून जसा घुमतो तसा. खाली एक मुलगी किंचाळली, मग बरीच माणसं ओरडायला लागली आणि पळणाऱ्या पावलांचा धडधडाट झाला.

मी खिडक्यांकडं धावले. तीन खिडक्या. दोन लागल्या. तिसरीची खिट्टी गंजली होती, ती बसेपर्यंत मनगटाला दोन माश्या चावल्या. मग मी दाराशी आले, वर्तमानपत्रांचा खंड पायानं सरकवला, दार लोटलं आणि कडी घातली.

मुन्शीजी उभे राहिले होते.

"दार नको," ते म्हणाले.

"मुन्शीजी, मोहोळ उठलंय. आग्या."

"मालूम आहे. दार नका लावू, बेटा."

त्यांचा आवाज अगदी हलका होता, पण चेहरा राखेसारखा झाला होता. ते कडीकडं हात नेऊ लागले. मी त्यांचं मनगट धरलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. ते थंडगार पडलं होतं. "पाचच मिनिटं," मी म्हणाले. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मला वाटलं, यांना आता इथंच काही झालं तर मी काय करू?

तेवढ्यात डोक्यावर भुणभुण ऐकू आली. वरच्या झरोक्याची एक काच फुटलेली होती, आणि तिथून माश्या आत यायला लागल्या होत्या. मी शिडी लावली. भोकात कोंबायला काही सापडेना. शेवटी मी दोन रुमाल सोडले, आतले कागद टेबलावर ठेवले आणि ती फडकी घेऊन वर चढले. जीव एवढा घाबरलेला असताना मी त्या कागदांवर उडू नयेत म्हणून वजनं ठेवली होती, हे मला नंतर दिसलं. एक फडकं झरोक्यात कोंबलं, दुसरं दाराखालच्या फटीत. मानेवर आणखी एक माशी चावली. ती मारताना माझ्या तोंडून रडण्यासारखा आवाज निघाला.

मग मागच्या जिन्यावर पावलं वाजली. धावती, अडखळती. दारावर थाप पडली.

"बाई, दार उघडा."

मामा होते. मोठ्यानं ओरडलेही नाहीत. जवळच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले. "बाई, उघडा दार. बाई." आणि मग नुसत्या थापा. त्या थापांमधून तो घुमता आवाज येत होता. दाराच्या पलीकडं, अगदी एका फळीपलीकडं.

माझा हात कडीवर होता. तो मी तिथं का ठेवला, उघडायला की धरून ठेवायला, हे मला आजही सांगता येत नाही. डोळ्यांपुढं तो बैल होता. काळा झालेला, गुडघे टेकलेला.

मुन्शीजींनी डोळे न उघडता विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "वारं आहे."

दार माझ्या हाताखाली हलत होतं. बाहेर थापा पडत होत्या. आणि मी असं म्हणाले.

मुन्शीजी उठले. माझ्याकडं बघितलंही नाही. खांद्यानं मला हलकेच बाजूला सारलं, कडी काढली आणि दार ओढलं.

मामा आत पडले. त्यांच्या डोक्यावर, मानेवर, कानांवर माश्या एकावर एक बसल्या होत्या, केस दिसत नव्हते. त्यांच्याबरोबर एक लोंढा आत आला. ज्या माणसाला बंद दार सोसवत नव्हतं, त्यानं स्वतः ते दार आपटून लावलं, कडी घातली आणि फडकं परत फटीत सारलं. मग टेबलावरचं हिरवं जाड कापड ओढलं आणि ते मामांवर टाकून मुन्शीजी वरून दाबायला लागले. "बेटा, भिंतीवरच्या मारा," ते म्हणाले. मी ताबायादीचं रजिस्टर उचललं आणि भिंतीवर, कपाटांवर, जिथं दिसेल तिथं मारत सुटले. किती वेळ, ते माहीत नाही. शेवटी खोलीत आमच्या तिघांच्या श्वासांचा आवाज राहिला, आणि बाहेरची गिरणी.

मामांचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे बुजले होते, ओठ पालथे झाले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज निघत होता. माशीचा काटा चिमटीत धरला तर विष आणखी आत जातं, तो खरवडून काढायचा असतो, एवढं मला गावाकडचं ठाऊक होतं. आम्ही दोघांनी कॅटलॉगची कोरी कार्डं घेतली आणि त्यांच्या कडेनं काटे खरवडायला लागलो. कपाळ, पापण्या, कानाच्या पाळ्या. प्रत्येक कार्डावर काळा थर जमायचा. मग दुसरं कार्ड घ्यायचं.

मध्येच मामा हलायचे थांबले. मुन्शीजींनी त्यांच्या गालावर थोपटलं.

"मामा, झोपायचं नाय. मी गोष्ट सांगतो, तुम्ही हूं म्हणा."

मामांनी काहीतरी आवाज काढला.

"ॲक्शन झाली तेव्हा मी तालुक्याला होतो," मुन्शीजी सांगू लागले. हात चालूच होते. "फौज येऊन गेली, मग आसपासच्या गावांतून माणसं आम्हां मुसलमानांवर उठली. आमच्या शेजारी पाटील होते. त्यांनी मला पेवात घातलं. पेव माहीत आहे ना, जमिनीतलं, ज्वारी ठेवायचं? ज्वारी संपली होती. मला आत उतरवलं आणि वर दगड लावला. हूं म्हणा."

"हूं."

"रोज अंधारात ते दगड सरकवायचे, भाकरी टाकायचे, थोडी हवा यायची. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. आतली हवा खराब असते. डोकं जड होतं. वर पाय वाजायचे, कोणाचे ते कळायचं नाय. हाक मारावी तर कोण ऐकेल? चौथ्या दिवशी दगड हलला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, कोण आहे ते बघायचंच नाही. हूं म्हणा, मामा."

मामा म्हणाले नाहीत. मुन्शीजींनी त्यांचा खांदा हलवला. "मामा. कोण होतं ते विचारा की."

बऱ्याच वेळानं मामांच्या ओठांतून आलं, "कोन?"

"पाटलीणबाई. पाटलांना लोकांनी ओट्यावर बसवून ठेवलं होतं, हलू देत नव्हते. दगड तिनं एकटीनं सरकवला."

मी कार्ड घेऊन बसले होते. मला वर बघवेना. मामांचा श्वास आता आणखी बारीक झाला होता. "डॉक्टर पाहिजे," मी म्हणाले. "ऑफिसात फोन आहे. मी जाते."

मुन्शीजींनी माझ्याकडं पाहिलं. "मी जातो, बेटा."

"नाही. मी जाते."

हे धाडस होतं असं कुणी समजू नये. ज्याला मी दाराबाहेर ठेवलं होतं त्याच्याजवळ बसून राहणं मला त्या व्हरांड्यापेक्षा जास्त भीतीचं वाटत होतं. मी ते हिरवं कापड डोक्यावरून घेतलं, हात आत ओढले आणि बाहेर पडले. मुन्शीजींनी मागं कडी घातली, ते ऐकू आलं. व्हरांडा लांब, आणि सगळी दारं बंद. फरशीवर मेलेल्या माश्या पायांखाली करकरत होत्या. काही कापडावर येऊन आदळत होत्या. मी पळाले नाही. पळायचं नसतं, हे बैलाच्या वेळी मोठी माणसं सांगत होती. भिंतीला हात लावत गेले. ऑफिसच्या दारावर थाप मारली आणि मनात म्हटलं, आता आतून कोणी काय म्हणेल?

दार लगेच उघडलं. ऑफिसातल्या टंकलेखिका बाईंनी माझा दंड धरून मला आत खेचलं.

पुढचं भराभर झालं. फोन झाले, विद्यापीठाची जीप मागच्या जिन्याला लावली, दोन पहारेकरी घोंगड्या पांघरून वर गेले आणि मामांना गुंडाळून खाली घेऊन आले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. शंभरावर काटे मोजून त्यांनी मोजायचं सोडून दिलं. "उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही," म्हणाले. सकाळ झाली, तर म्हणाले, परवा. ते तीन दिवस मी जेवायला बसायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. व्हरांड्यात कुणी जोरात चाललं की वाटायचं, निरोप घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभाग उघडला तेव्हा मुन्शीजी नेहमीच्या वेळेला आले, दाराला खंड लावला आणि बसले. मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"मुन्शीजी, काल मी..."

"दोन रुमाल उघडे आहेत," ते म्हणाले. "कागद मिसळायच्या आत बांधून घेऊ."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही तेच करत बसलो. त्या विषयावर ते त्या दिवशी बोलले नाहीत, आणि नंतर विभागातलं काम सोडेपर्यंतही कधी बोलले नाहीत. त्यांनी विचारावं अशी मी वाट बघायची, आणि विचारतील याची धास्तीही तेवढीच.

साहेब परत आले. जाळ कोणी लावायला सांगितला, याची चौकशी झाली. मी लिहून दिलं की मामांनी मला दोनदा अडवलं होतं, तरी मीच सांगितलं. लेखी समज मिळाली. साहेब रागावले, मग पाणी द्यायला सांगितलं. त्या कागदात दाराबद्दल एकही प्रश्न नव्हता.

मामा वाचले. पंधरा दिवसांनी त्यांना घरी सोडलं. उजव्या डोळ्यात काटा खोल गेला होता. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि सावली कळत होती.

एका रविवारी मी पडेगावला गेले. पपई आणि बिस्किटं घेतली होती. घर सापडेपर्यंत दोनदा वाटलं, परत फिरावं. मामा बाजेवर उशीला टेकून बसले होते, डोळ्यावर पट्टी. त्यांच्या मंडळींनी मला पाट दिला, चहा टाकला आणि माझ्यापुढं बसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही दार उघडलं म्हून हे माणूस दिसतंय."

मी मामांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते.

"मी नाही उघडलं," मी म्हणाले. "मुन्शीजींनी उघडलं."

"एकच की वो. आतल्यांनी उघडलं."

"मला आतून बाईंचा आवाज आला व्हता," मामा म्हणाले.

मंडळींनी विचारलं, "मंग?"

"मंग दार उघडलं," मामा म्हणाले आणि चहा मागितला.

मंडळी चहा आणायला आत गेल्या. बाहेर कोंबड्या फिरत होत्या. मला आता बोलायलाच हवं होतं. "मामा, मी घाबरले होते," मी म्हणाले. यापेक्षा जास्त काही सुचलं नाही, आणि याच्याहून खरंही काही नव्हतं.

त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिला सांगितलं नाय मी. निंबाखाली एक पोरगी पडली व्हती. माझ्याकडं हात केला तिनं. माश्या व्हत्या तिच्यावर. मी तिला वलांडून आलो, बाई. थांबलो नाय."

"कोण होती?"

"काय ठावं. निळं काहीतरी घातलं व्हतं. दवाखान्यात सगळ्यांना इचारलं. कोनाला म्हाईत नाय. तुम्ही इचारता का?"

मी हो म्हटलं. त्यानं माझं ओझं हलकं झालं असं नाही. आतापर्यंत एका माणसाची भीती होती, आता दोघांची झाली.

सोमवारी मी वाचनालयाची नोंदवही काढली. त्या दिवशी सकाळी मुलींच्या सह्या थोड्याच होत्या. एकेकीला गाठून विचारलं. सगळ्या नंतर येऊन गेल्या होत्या, एक सोडून. ती जालना रस्त्यावरच्या करमाडची, बसनं ये-जा करणारी. त्या दिवसापासून तिची सही नव्हती. तिच्या मैत्रिणींनाही माहीत नव्हतं. मी पत्ता घेऊन कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. रोज टपाल आलं की मी उठून बघायची आणि आपलं नाही दिसलं की हायसं वाटायचं. ज्याचं उत्तर हवं, त्याचंच भय.

शेवटी मी बस धरून करमाडला गेले. स्टँडवर विचारलं, तर एका माणसानं घर दाखवलं आणि मी काही विचारायच्या आत तो निघून गेला. गल्ली चढताना मी पुढं बघत नव्हते. अंगणात माणसं टेकून बसलेली दिसली, कुणी डोक्यावर पदर घेतलेला दिसला, तर? मग घर आलं. अंगणात एक मुलगी दोरीवर कपडे वाळत घालत होती. गालावर फिकट ठिपके होते.

मी तिथंच ओट्यावर बसले. तिनं पाणी आणून दिलं. मी ग्रंथालयातली, असं सांगितल्यावर ती थोडी ओशाळली. "कार्ड मिळालं बाई, पण लिहायचं राहिलं. माझ्याकडं एक पुस्तक आहे, त्यासाठी आलात का?"

"नाही. तू कशी आहेस ते बघायला आले."

ती झाडाखाली पालथी पडून राहिली होती, ओढणी तोंडाभोवती घट्ट धरून. बापानं लहानपणी सांगितलं होतं, मोहोळ उठलं की हलायचं नाही. सगळ्या अंगाला मिळून वीसपंचवीस चावल्या. चार दिवस ताप होता. कुणीतरी तिला उचलून फाटकापर्यंत नेलं, कोण ते तिला माहीत नव्हतं. तिला ओलांडून कुणी गेलं का, हे मी विचारलं नाही. तिनं मात्र विचारलं, "त्या शिपाईमामांचं काय झालं? माझ्या अगदी जवळून पळाले ते. त्यांच्या अंगावर फार होत्या."

"बरे आहेत," मी म्हणाले.

वडील आता औरंगाबादला पाठवायला तयार नव्हते. नुसत्या माश्यांमुळं नाही, त्यांना तसं निमित्तच हवं होतं. ते शेतातून आले, आणि मी चहा पीत त्यांच्याशी तासभर बोलले. मला असं कुणाशी बोलायची सवय नव्हती. "बघू," एवढंच ते म्हणाले. परीक्षेला ती आली. पुस्तकही परत केलं. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

मामा दोन महिन्यांनी कामावर आले. साहेबांना सांगून त्यांनी खालच्या नियतकालिकांच्या विभागात बदली मागून घेतली होती. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं. पहिल्याच दिवशी ते मला जिन्यात भेटले. कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत चढत होते.

"ती मुलगी सापडली," मी म्हणाले. "बरी आहे. मी घरी जाऊन आले."

मामा थांबले. "काय म्हणाली?"

"तुमचंच विचारत होती. ते शिपाईमामा कसे आहेत म्हणून."

त्यांनी चांगला डोळा माझ्याकडं वळवला. आम्ही दोघं तसेच जिन्यात उभे राहिलो. खाली कुणीतरी पुस्तक परत करायला आलं होतं आणि टेबलावरची घंटी वाजवत होतं. "बघतो," मामा म्हणाले, आणि कठडा धरून परत खाली उतरले.